बारा नंबरची तक्रार

बारा नंबरने तिसऱ्यांदा हात वर केला, तेव्हा काउंटरमागे उभ्या असलेल्या मॅनेजरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बारा नंबर म्हणजे खरं तर खिडकीजवळचं टेबल. पण गेले दोन महिने नूडल्सच्या त्या हॉटेलात सगळे जण तिथे बसणाऱ्या माणसालाच बारा नंबर म्हणत. साठीकडे झुकलेला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. दर मंगळवारी दुपारी दोनला यायचा, एकटाच. साधं सूप आणि साध्या नूडल्स मागवायचा. मग सुरू व्हायचा.

सूप गार आहे. सूप फार गरम आहे. नूडल्स आधी आल्या, सूप मागून का? या कंपनीच्या हॉटेलांत जे आधी शिजेल ते आधी येतं, असं भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, पण वाचतो कोण. एकदा तर नूडल्स फार लांब आहेत म्हणून तक्रार. आता नूडल्स लांब नसतील तर काय चौकोनी असतील?

कंपनीचा नियम असा की ज्याने वाढलं त्यानेच तक्रार ऐकायला परत जायचं, माफी मागायची आणि गिऱ्हाइकाचं समाधान होईपर्यंत हलायचं नाही. नियम करणारे वरच्या ऑफिसात बसतात. त्यांची बारा नंबरशी गाठ पडलेली नसते. भोगायची ती वाढणाऱ्या मुलीने. वर हा बाबा कधीकधी जाताना तक्रारीचं कार्डही भरायचा. तिच्या नावावर अशी दोन कार्डं जमली होती. तिसरं पेटीत पडलं की नोकरी गेलीच.

आणि मुलगी तर लाखात एक. इतर टेबलांवर हसून बोलायची. बारा नंबरपाशी गेली की मान खाली.

मॅनेजरने दोनदा सांगून पाहिलं होतं. "तू मागची टेबलं घे. मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो."

"नको सर. मी बघते."

"अगं, छळतोय तो तुला."

"चालतं मला," ती म्हणाली आणि ट्रे उचलून निघून गेली.

अशा गरीब स्वभावाच्या माणसांच्याच डोक्यावर लोक मिरे वाटतात, या विचाराने मॅनेजरला अजूनच चीड आली होती. शिवाय त्या माणसाची बोलायची तऱ्हा. तो तिला धड 'तू' म्हणायचा नाही की 'तुम्ही' म्हणायचा नाही. भिंतीला सांगावं तसं बोलायचा. "मीठ कमी पडलंय." "हात भाजलाय, त्यावर पट्टी लावायची पद्धत नाही वाटतं इथे."

आज तिसऱ्यांदा मुलगी त्याच्यापाशी गेली, तेव्हा मॅनेजर शेजारचं टेबल पुसण्याचं निमित्त करून जवळ सरकला.

"या काड्या धरता येत नाहीत," तो माणूस म्हणाला.

मुलगी वाकली. तिने त्याच्या बोटांत काड्या नीट बसवल्या, अंगठा कुठे दाबायचा ते दाखवलं. काड्या निसटल्या. तिने पुन्हा बसवल्या. दोन महिने दर मंगळवारी हाच धडा चालला होता. मग ती आत गेली, आणि मॅनेजरने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच काड्यांनी म्हाताऱ्याने सूपमधला मटारचा एकेक दाणा अलगद उचलून तोंडात टाकला.

तरण्या पोरीचा हात हाताला लागावा म्हणून चाललेली ही सोंगं. मॅनेजरचं डोकंच फिरलं.

तो टेबलापाशी पोचला तर म्हातारा कार्ड भरत बसलेला. 'वाढणाऱ्या मुलीचे डोळे सुजलेले दिसतात. झोप न झालेल्या माणसाला कामावर उभं करू नये.'

"काका, हे तिसरं कार्ड," मॅनेजर दातओठ खात, पण हळू आवाजात म्हणाला. "हे पेटीत पडलं तर उद्या त्या मुलीची नोकरी जाईल."

पेन थांबलं. "नोकरी? तिची?"

"मग काय माझी? आणि काड्यांचं नाटकही बघितलंय मी. वयाची तरी लाज बाळगा. पुन्हा या दारात दिसलात तर दंडाला धरून बाहेर काढीन."

 म्हाताऱ्याने कार्डाच्या चार घड्या करून ते खिशात घातलं. "मला माहीत नव्हतं हे. कार्ड टाकलं नाही तर राहील ना नोकरी?"

"राहील. तुम्ही इथे आला नाहीत तर."

"मग नाही येत."

खुर्ची आत सरकवून, अर्धा वाडगा तसाच टाकून तो खाली मान घालून निघून गेला. चोराच्या मनात चांदणं, मॅनेजर मनाशी म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळं मोकळं वाटत होतं.

मुलगी गरम सूपचा नवा वाडगा घेऊन बाहेर आली. "बारा नंबर कुठे गेले?"

"हाकलला. पुन्हा पाऊल टाकणार नाही, तसं कबूल करून गेलाय. आता मंगळवारी सुखाने काम कर."

तिने ट्रे तिथेच टेबलावर ठेवला. ती दारापर्यंत गेली आणि परत आली.

"मला एकदा विचारायचं तरी होतंत, सर," ती म्हणाली, आणि इथल्या सहा महिन्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "मी घर सोडल्यापासून बाबांना माझ्याशी बोलायला तक्रारच लागते."