इथल्या पाण्याची पानं

पुण्याची मंडळी मैत्रेयीला बघायला झाशीला येणार हे ठरलं, तेव्हापासून अनुसूयाबाईंना एकच काळजी होती. पोरीचं मराठी म्हणजे निम्मं हिंदी! "काही विचारलं तर नुसती मान हलव, तोंड उघडू नकोस," त्यांनी लेकीला बजावलं होतं. मैत्रेयी बिचारी पाहुण्यांसमोर ओठ मिटून बसली होती.

मुलाच्या आईची नजर कोपऱ्यातल्या माशांच्या टाकीकडे गेली. मैत्रेयीनं आठवड्यापूर्वी मानिक चौकातून आणून लावलेल्या रोपाची पानं पार सडली होती. "अगंबाई, मेलं की हे! सगळं पाणी नासवेल," असं म्हणत बाई उठल्याच. बांगड्या मागे सारून त्यांनी सरळ टाकीत हात घातला.

"काकूजी, रुकिये! उखाडू नका त्याला!" मैत्रेयी ओरडली. "नयी जगह लावलं की याची पानं गळतातच. मूळ एकदम पक्कं आहे. मग इथल्या पाण्याची नवी पानं येतात. पहलेवाली पानांसारखी दिसत नाहीत, बस!"

बाईंनी ओला हात बाहेर काढला आणि अनुसूयाबाईंकडे वळून विचारलं, "हे कसलं हो मराठी?"

'जरा कच्चं आहे तिचं' हे वाक्य सकाळपासून तयार होतं. अनुसूयाबाईंनी ते गिळून टाकलं.

"आम्हाला अडीचशे वर्षांपूर्वी इथं आणून लावलं," त्या म्हणाल्या. "ही इथल्या पाण्याची पानं आहेत."