दिम्तूला उठवताना

चौघींनी मिळून दिम्तूला उभं केलं, तेवढ्यात ऑफिसची गाडी येऊन थांबली.

म्हातारी दाबो शिंगांशी होती, तिची सून तुमे शेपटीशी. शेजारच्या दोघींनी पोटाखालून गोणपाट घालून ते दोन्ही बाजूंनी ओढून धरलं होतं. दिम्तू म्हणजे दाबोची तांबडी गाय. हल्ली रोज सकाळी तिला असंच उठवावं लागे. बसलेलं जनावर मेल्यात जमा, हे उत्तर केनियातल्या बोराना गुराख्यांच्या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. एकदा उभी राहिली की मात्र लटपटत का होईना, दिवस काढायची. दाबो तिचे गुडघे चोळत होती आणि कानाशी काहीतरी पुटपुटत होती.

कबाले विहिरीकडून दोरी गुंडाळत आली. ती याच वस्तीतली. विहिरीचं पाणी किती खोल गेलं, पाऊस पडला का, गाई किती दूध देतात, कुणाच्या घरी चूल पेटत नाही, हे दर महिन्याला फिरून बघायचं आणि मोबाइलवरून तालुक्याच्या ऑफिसला कळवायचं, हे तिचं काम. कित्येक महिने ती एकच गोष्ट कळवत होती. पाणी आटत चाललंय, चारा संपलाय. ऑफिसच्या नकाशावर वस्ती तरी पिवळीच, म्हणजे नुसत्या इशाऱ्याची, राहिली होती. आता कुठे ती लाल झाली आणि लगेच फोटो काढायला माणसं आली.

गाडीतून हलाके साहेब उतरले. दुष्काळाचं खातं त्यांच्याकडे होतं. ते मूळचे शेजारच्याच वस्तीतले. त्यांच्या मागून नैरोबीचा फोटोग्राफर, मुसेम्बी. त्याची स्वाहिली बायकांना कळत नव्हती, म्हणून मध्ये दुभाषी कबाले.

मुसेम्बीने कॅमेरा बाहेर काढला, गाईकडे पाहिलं आणि तो हळहळून काहीतरी बोलला. कबाले हातातली दोरी गुंडाळतच राहिली.

"काय म्हणतोय?" दाबोने विचारलं.

"उठवतानाचा फोटो हवा होता, म्हणतो. तिला परत खाली बसवाल का, विचारतोय."

दाबोला वाटलं, पोरीला नीट ऐकू आलं नसेल. तिने शांतपणे समजावून सांगितलं, की दिम्तूच्या अंगात एकदा उठण्यापुरतीच ताकद असते. कबालेने ते सांगितलं. मुसेम्बीने मान हलवली आणि हलाकेंकडे पाहिलं.

हलाके पुढे आले. आवाज न चढवता ते बोलू लागले. फोटो थेट वर जाणार होता. उभी गाय बघून वर कुणाला घाई होत नाही. चारा आला तर एकट्या दाबोला नाही, सगळ्या वस्तीला येईल. यातलं काहीच खोटं नव्हतं.

"हलाके," दाबो म्हणाली, "तुझ्या बापानं जन्मभर गुरं राखली. उठलेलं जनावर कुणी खाली बसवतं का रे?"

"एकदाच, आजी."

दाबोने सुनेकडे पाहिलं, शेजारणींकडे पाहिलं. मग तिने स्वतःच शिंगं सोडली. ढकलावं लागलंच नाही. दिम्तूने गुडघे टेकले आणि ती खाली बसली.

मुसेम्बी जमिनीवर पालथा पडला. प्लास्टिकचा कॅन बाजूला करायला सांगितला. तुमेची ओढणी नवी होती, फार रंगीत दिसत होती, ती काढायला लावली. मग त्याने हात वर केला.

चौघींनी जोर लावला. दिम्तू अर्धी उठली. मागचे पाय घसरले. पुन्हा लावला. या वेळी पुढचे पायही सरळ झाले नाहीत. तिच्या नाकातून फेस आला, शेण पडलं आणि ती कुशीवर कलंडली. कॅमेरा वाजतच होता. दाबोने तिच्या डोळ्यावर तळहात ठेवला, तरी वाजत होता.

थोड्या वेळाने मुसेम्बी उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, की फारच छान आलंय. तो काय म्हणाला, हे कबालेला कुणी विचारलं नाही.

हलाकेंनी तिला गाय मेल्याची नोंद आत्ताच करून टाकायला सांगितली. तिने मोबाइल उघडला. मृत्यूचं कारण निवडायचं होतं. रोग, रानटी जनावर, दुष्काळ, इतर. तिचा अंगठा 'इतर'वर थांबला. पण इतर कारणाने मेलेल्या गाईमागे चारा येत नाही. तिने 'दुष्काळ' दाबलं. हलाके म्हणाले, शाबास. विहिरीची दोरी ठेवायला ती काटेरी कुंपणाआड गेली.

ती परत आली तेव्हा मुसेम्बी एका छोट्या बाटलीतलं काहीतरी हातांना चोळत होता. गाईला त्याने बोटही लावलं नव्हतं. बायकांचे हात फेसाने आणि शेणाने भरलेले पाहून त्याने आदबीने बाटली पुढे केली. दाबोने ती घेतली, हुंगली.

"हे काय?"

"पाणी नसलं तरी यानं हात साफ होतात, आजी," कबालेने सांगितलं.

दाबोने बाटली हलाकेंच्या हातात ठेवली.

"तू लाव," ती म्हणाली. मग वाकून तिने दिम्तूच्या अंगाखालचं गोणपाट ओढायला घेतलं. कुंपणापलीकडे तुमेची गाय अजून उठवायची होती.