आधी यजमान

"लाल पट्टा कुठे गेला?" विश्वासने विचारलं.

"रंगवला, साहेब," फोरमन चंद्रहास म्हणाला. "तुम्हीच म्हणालात, मुदीर येणार, सगळं निळं दिसलं पाहिजे."

मुदीर म्हणजे डायरेक्टर; तो येणार म्हणून विश्वास तसं म्हणाला होता. पण तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे भिंत होती, नळ नव्हते.

आखातातल्या फिंतासला समुद्रातून आत खणून आणलेल्या कालव्याच्या काठावर दोन नळ उभे होते. बोटींवरच राहणाऱ्या खलाशांसाठी ही नवी सोय. एका नळाला पिण्याचं पाणी. दुसऱ्याला सांडपाणी शुद्ध करून आलेलं, फक्त डेक धुण्यापुरतं, म्हणून त्यावर लाल पट्टा. आता दोन्ही नळ सारखेच निळे होते आणि पाइप काँक्रीटखाली गेले होते.

"एकदा सोडून बघू पाणी."

"मेन व्हॉल्व्हला रिबन बांधलीय. मुदीर स्वतःच्या हाताने फिरवणार. मग पहिला ग्लास पिणार, फोटोसाठी."

"ज्याने पाइप टाकले त्याला फोन लाव."

"लावला. लग्नात आहे."

"मग फोनवर बोलवा म्हणावं त्याला!"

"त्याच्याच लग्नात आहे, साहेब."

विश्वासच्या आधीच्या सुपरवायझरच्या कामाच्या उद्घाटनाला कारंज्याने पाहुण्यांना भिजवलं होतं. तो आता नाशिकला असतो. विश्वासची बायको उल्का आणि मुलगी जुईली यांचा व्हिसा कालच लागला होता. पुण्यात बॅगा भरून तयार होत्या.

मुदीरची गाडी आली. रिबन कापली गेली, व्हॉल्व्ह फिरला. दोन्ही नळांतून पाणी आलं, तितकंच स्वच्छ, तितकंच सुंदर. विश्वासने पुढे वाकून वास घेतला. रंगाचा आला.

मुदीरने ग्लास डावीकडच्या नळाखाली धरला. भरला. उचलला.

"सर, एक मिनिट!" विश्वास म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला. "आमच्या देशात पद्धत आहे. नव्या नळाचं पाणी आधी यजमान पितो. मग पाहुणा."

मुदीरचा हात थांबला. त्याने विश्वासकडे पाहिलं, मग काठावर कॅन घेऊन उभ्या असलेल्या खलाशांकडे. सगळ्यात पुढे दीनानाथ तांडेल होता, मालवणचा. आजवर तो पिण्याचं पाणी मशिदीच्या कूलरवरून खांद्यावर वाहत होता.

"तू भी हिंदुस्तानी," मुदीर त्याला म्हणाला. "सच है?"

दीनानाथने असली पद्धत जन्मात ऐकली नव्हती. समुद्रात जायच्या आधी आभाळाकडे बघावं तसं त्याने विश्वासकडे बघितलं.

"हां साब," तो म्हणाला. "बहोत पुराना है."

मुदीरने ग्लास विश्वासच्या हातात दिला.

विश्वासने पहिला घोट घेतला. खारट. मागून साबण. साबणाच्याही मागून काहीतरी. अर्धा ग्लास उरला असता तर खुलासा द्यावा लागला असता, म्हणून त्याने सगळा संपवला.

"उत्तम," तो म्हणाला. रुमालाने ग्लास पुसला, उजवीकडच्या नळाखाली भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "हा पाहुण्यांचा."

मुदीर प्याला. फोटो निघाला. टाळ्या झाल्या. गाडी धूळ उडवत गेली.

विश्वास पायरीवर बसला. "चंद्रहास, लाल रंग आण. डावा. आत्ताच्या आत्ता."

समोर सावली पडली. दीनानाथ उभा होता, हातात उजव्या नळाचा भरलेला ग्लास.

"घेवा, सायबानू."

"अरे, आता कशाला? मुदीर प्याला की त्यातलं."

"मुदीर पावणो. आज पिलो नि गेलो. आमका रोज पिवचा आसा." त्याने ग्लास आणखी पुढे केला. "पद्धत तुमचीच मां?"

त्याच्या मागे कॅनची रांग लागली होती. सगळे विश्वासच्या गळ्याकडे बघत होते, आणि तिथून घोट खाली उतरेपर्यंत एकाही कॅनचं झाकण उघडलं नाही.