दक्षिणमुखी डब्बा

विंडोज वापरणारी सारी माणसं मेंढरं आहेत आणि देवभोळी माणसं त्याहून मोठी मेंढरं, असं ओमेश्वर कटरेचं ठाम मत होतं. नागऱ्याजवळच्या शाळेत तो हौसेनं विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकायला आला, पण कॉम्प्युटर सकाळपासून एकच रडगाणं गात होता: हार्ड डिस्क सापडत नाही. बायोस पाहून झालं, सीडी बदलून झाली. कॉम्प्युटरचा डब्बा उघडून आत बघणं हे मेकॅनिकचं काम, ते त्याला कमीपणाचं वाटे. संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर शाळा चालवणाऱ्या संस्थेचे रूपलालजी बाजारातली चोरीची विंडोज टाकून घेणार होते.

"ओमेश्वरभाऊ, डब्ब्याचं तोंड दक्षिणेकडं हाय जी," रूपलालजी म्हणाले. "कसा चालन तो?"

"हे मशीन आहे जी, देऊळ नाही," ओमेश्वर कुत्सित हसला. "तरी घ्या, तुमचीही हौस फिटू द्या." त्यानं डब्बा रागारागात उचलून पूर्वेकडं तोंड करून आदळला.

हार्ड डिस्क सापडली.

रूपलालजींनी हात जोडले. "आतली ढिली केबल बसली असंन आदळल्यानं," ओमेश्वर फणकारला. "दिशेचा का संबंध?"

दुसऱ्या दिवशी तिरोड्याच्या शाळेतही हार्ड डिस्क सापडेना. डब्बा त्यानं तिथंही उघडला नाही.



शिपायाला बाजूला घेऊन त्यानं हळूच विचारलं, "पूर्व कोणीकडं हाय गा?"