दोन मिनिटं स्तब्ध

चवड्यांवर तोलून नाचायचा बॅले शशिकलाबाईंनी नारायण पेठेतल्या दोन पिढ्यांना शिकवला होता. पण त्यांच्या शोकसभेत जो तो बोलत होता तो त्यांच्या लांबलेल्या आजारपणाबद्दलच. कुणी सलाइनचं सांगितलं, कुणी पथ्याचं. पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान श्रीधरपंत कासावीस झाले. हिचा नाच एकालाही आठवत नाही की काय?

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

सगळे उठले. श्रीधरपंतांच्या मागच्या रांगांत बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी होत्या. कुणी बँकेतून निवृत्त झालेली, कुणी नातवाला शेजारी सोपवून आलेली. सगळ्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात अगदी मागून एका आजोबांचा वैतागलेला आवाज आला, "अहो ताई, श्रद्धांजली आम्हालाही वाहायची आहे. फोटो दिसू द्या की जरा!"

श्रीधरपंतांनी वळून पाहिलं आणि भर शोकसभेत ते खो खो हसत सुटले.

 

मागच्या चार रांगांत एकीचीही टाच जमिनीला टेकलेली नव्हती.