बारवेचा झरा

मुरमाचं टिप्पर येऊन उभं राहिलं, तरी जुन्या पेठेतल्या बारवेला पाणी लागलं नव्हतं. तीन आठवडे अख्खी पेठ गाळ उपसत होती. आज बारापर्यंत पाणी दिसलं नाही तर बारव बुजवून तिथं गाड्या लावायची जागा करायची, असा कचेरीचा हुकूम होता.

दिनकरराव काठावर येरझाऱ्या घालत होते. पेठेतले चार पिढ्यांचे दुकानदार. बारव कुणी बांधली, कमानीला शिळा किती, निजामाच्या कुठल्या सुभेदारानं इथं मुक्काम ठोकला, सगळं त्यांना तोंडपाठ. झरा कुठं आहे, एवढंच काय ते ठाऊक नव्हतं!

रुख्मिणीचा जीव मात्र तीळतीळ तुटत होता. सत्तरी ओलांडलेली ही बाई भीमनगरातून रोज पाट्या उचलायला यायची. तिचा बाप दर उन्हाळ्यात हीच बारव उपसायचा. पाणी पेठेचं आणि गाळ त्याचा, अशी तेव्हाची वाटणी होती.

"दिनकरभाऊ, मधी कामून उकरायलाव? झरा उगवतीच्या देवळीखाली हाय. माज्या बापानं दावलाय मला."

"मंग आजवर बोल्ल्या न्हाईत ते?"

"पैल्या दिवशीच बोल्ले व्हते. ऐकलं का कुनी?"

दिनकरराव ओशाळले. तोवर पहार घेऊन ती खाली उतरलीसुद्धा. चौथ्या घावाला चिखलाचा लगदा सुटला आणि पाणी आलं. आधी गढूळ, मग नितळ. बघता बघता खालची पायरी बुडाली. पेठेनं एकच गिल्ला केला. टिप्परवाला बजरंग गाडी मागं घ्यायची सोडून फोटो काढत बसला.

दिनकररावांचे डोळे भरून आले. त्यांनी पायऱ्या उतरून तांब्या बुडवला आणि मोठ्या मानानं पुढं केला. "पैला मान तुमचा, रुख्मिणबाई. धरा ओंजळ, मी वततो."

रुख्मिणी थबकली. तिच्या आईनं जन्मभर इथलं पाणी असंच घेतलं होतं. काठाबाहेर ओंजळ धरून, वरून कुणी ओतेल तेव्हा. बिचाऱ्या दिनकररावांच्या हे ध्यानीमनीही नव्हतं.

"वतू नगा, भाऊ," ती हसून म्हणाली. "जरा सरका तिकडं."

दिनकरराव सरकले. रुख्मिणी पायरीवर ऐसपैस बसली, बांगड्या मागं सारल्या आणि तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले.