तांब्याभर पाणी

बोझबुरुनच्या धक्क्यावरून हायदारची होडी निघाली की त्याची बायको नाझमिये मागून तांब्याभर पाणी ओतायची. "पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये," म्हणायची आणि शीड दिसेनासं होईपर्यंत उभी राहायची. लग्नापासून हेच.

या उन्हाळ्यात मात्र दोघं मिळून किनाऱ्याकिनाऱ्यानं अंताल्यापर्यंत जाऊन आली. येताना सुकाणू तिच्याच हाती होतं. धक्क्यावर उतरताच चहावाला जेलाल ओरडला, "काय वहिनी, कप्तानाला चहा वेळेवर मिळाला ना?" सगळे हसले. नाझमियेही कसनुसं हसली. घरी आल्यावर म्हणाली, "खरंच आहे त्याचं. तू शेजारी होतास म्हणून जमलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन तो पुन्हा धक्क्यावर आला. ती सुकाणूपाशी बसली. हायदारनं दोर सोडला आणि स्वतः न चढता होडी पायानं ढकलून दिली.

"अरे, चढ ना!"

"समोरच्या बेटाला वळसा घालून ये. तोवर मासे तळून ठेवतो."

"एकटी?"

होडी हेलकावली. नाझमियेनं वाऱ्याकडे गाल केला, शीड ओढून घेतलं, आणि होडी हळूच वळून सरळ बेटाच्या दिशेला लागली.

हायदारनं घरून आणलेला तांब्या उचलला आणि पाणी ओतलं.

"हायदारभाऊ, हे बायकांचं काम," जेलाल दुकानातून खिदळला.

हायदारची नजर शिडावरून हलली नाही. "मागे राहील त्यानं ओतायचं असतं, जेलाल. कप्तान निघाली की."